गल्ला वाढला, गिऱ्हाईक नाही

किरकोळ विक्रीचे आकडे आणि रुपयाचा भाव या दोन बातम्या वर्तमानपत्रात सहसा वेगवेगळ्या पानांवर असतात, आणि त्यांचे वाचकही वेगळे असतात. पहिली बातमी दुकानदार आणि कंपन्यांचे विक्री अधिकारी वाचतात. दुसरी निर्यातदार, आयातदार आणि ज्यांची मुले परदेशात शिकत आहेत असे पालक. चाकणच्या एका सुटेभाग कारखान्यात निर्यातीची बिले आणि बँकेचे फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच ठरवणारे करार, सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, त्यामुळे दुसरी बातमी मला पोटापाण्यासाठी वाचावी लागे आणि पहिली मी सवडीने वाचत असे. दोन्ही वाचता वाचता माझे एक मत पक्के होत गेले. या दोन्ही आकड्यांत किमतींचा हिस्सा मिसळलेला असतो, तो बाजूला काढल्याशिवाय त्यांतून काही कळत नाही, आणि तो बाजूला काढण्याचे काम बातमी देणारा क्वचितच करतो.

लक्ष्मी रस्त्यावर साड्यांचे दुकान असलेल्या एका परिचितांना गेल्या दिवाळीनंतर मी विक्रीबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, गल्ला वाढला म्हणून काय सांगू? गिऱ्हाईक नाही वाढलं. पाच हजारांची साडी साडेपाचला गेली, एवढंच." अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चालू किमती आणि स्थिर किमती यांतला जो फरक पानभर समजावलेला असतो, तो या उत्तरात पूर्ण आला आहे. सोन्याच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक दिसतो. २०२४ च्या धनत्रयोदशीला दहा ग्रॅम सोन्याचा भाव सुमारे ८० हजार रुपये होता आणि २०२५ च्या धनत्रयोदशीला तो सव्वा लाखाच्या वर गेला होता. आधीच्या वर्षी २० ग्रॅम घेणाऱ्या कुटुंबाने पुढच्या वर्षी हात आखडून १५ ग्रॅम घेतले असे धरले, तर सव्वा लाखाच्या भावानेसुद्धा त्याचा खर्च १ लाख ६० हजारांवरून १ लाख ८७ हजार ५०० वर जातो. सराफाच्या वहीत विक्री १७ टक्क्यांनी वाढलेली दिसते आणि तराजूवर ती २५ टक्क्यांनी घटलेली असते. "धनत्रयोदशीला सोनेखरेदीचा उच्चांक" हा मथळा खोटा नसतो, पण तो वहीतून घेतलेला असतो.

ज्या देशांत किरकोळ विक्रीचा अधिकृत मासिक आकडा निघतो, तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेचा सेन्सस ब्यूरो महिना संपल्यावर साधारण दोन आठवड्यांनी आगाऊ अंदाज प्रसिद्ध करतो. त्यात हंगामाची, सणांची आणि त्या महिन्यात विक्रीचे कोणते वार किती आले याची दुरुस्ती केलेली असते, पण भाववाढीची दुरुस्ती केलेली नसते. २०२२ च्या जूनमध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर होती. अशा काळात विक्रीत वर्षभरात आठ टक्के वाढ झाली, तर तिचा अर्थ माल कमी खपला असाच घ्यावा लागतो. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय मूल्य आणि परिमाण हे दोन्ही निर्देशांक शेजारी शेजारी देते, आणि २०२२ च्या महागाईत लोक अधिक पैसे मोजून कमी वस्तू घरी नेत आहेत हे त्या दोन रेषांमधल्या वाढत्या अंतरावरून कोणालाही दिसत होते. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

अमेरिकी आकड्याबद्दल आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की त्यात वस्तू आणि उपाहारगृहे येतात. घरभाडे, डॉक्टर, शाळा, विमा या सेवा येत नाहीत. म्हणजे ग्राहकाच्या खर्चाचा मोठा भाग या आकड्याच्या बाहेर राहतो. शिवाय वाहने, पेट्रोल, बांधकाम साहित्य आणि उपाहारगृहे वगळून उरलेल्या गटाकडे विश्लेषक वेगळे लक्ष देतात, कारण राष्ट्रीय उत्पन्नातील उपभोगखर्चाशी त्या गटाचे नाते अधिक जवळचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे पहिला आकडा पुढे बदलतो. एप्रिल २०२० ची घट आधी १६.४ टक्के सांगितली गेली आणि महिन्याभराने ती १४.७ टक्के करण्यात आली. त्याच सुमारास मे महिन्याची १७.७ टक्के वाढ जाहीर झाली आणि ती विक्रमी म्हणून गाजली. परंतु घसरलेल्या पायावरची टक्केवारी नेहमीच मोठी दिसते, आणि मेमधली प्रत्यक्ष विक्री आधीच्या वर्षीच्या मेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमीच होती.

आपल्याकडे असा अधिकृत मासिक आकडाच नाही. सरकार तिमाहीला खासगी उपभोगखर्चाचा अंदाज देते, जो देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ६० टक्के असतो, आणि असंघटित उद्योगांची पाहणीही होते. पण रविवार पेठेतल्या बोहरी आळीत या महिन्यात किती माल खपला हे सांगणारी कोणतीही सरकारी मालिका नाही. ज्या पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी घरोघरी माणसे पाठवून करून घेतली, तिथल्या माणसाला ही उणीव जरा जास्तच खुपते. मग आपण पर्यायी आकड्यांवर भागवतो, आणि प्रत्येक पर्यायी आकडा व्यवहाराची एकच बाजू मोजतो.

जीएसटी संकलनाचे उदाहरण घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये ते २.३७ लाख कोटी रुपये झाले आणि तो उच्चांक ठरला. परंतु व्यापारी विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास भरतात, त्यामुळे एप्रिलचे संकलन प्रामुख्याने मार्चच्या, म्हणजे वर्षअखेरीच्या व्यवहारांचे असते. त्यात कंपन्यांचे आपसातले व्यवहार असतात, आयातीवरचा करही असतो. शिवाय दर बदलले की आकड्याची तुलनाच मोडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर शोरूममध्ये गर्दी वाढली तरी दर वाहनामागे सरकारकडे येणारा कर कमीच होता. विक्री वाढलेली आणि संकलन सुस्त, असे चित्र अशा वेळी दिसू शकते.

यूपीआयच्या आकड्यांबद्दल मी जरा अधिक साशंक आहे. तुळशीबागेत कानातली विकणाऱ्या माणसाच्या टोपलीवर आज कोडचा कागद चिकटवलेला असतो, म्हणून त्याची विक्री वाढली असे होत नाही. रोख येणारे पैसे फोनवरून येऊ लागले एवढेच त्यातून सिद्ध होते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन व्यक्तीकडून व्यक्तीला आणि व्यक्तीकडून व्यापाऱ्याला झालेले व्यवहार वेगळे दाखवते, आणि निदान त्यातला दुसरा भागच पाहिला पाहिजे. मथळ्यात येतो तो मात्र दोन्हींचा एकत्र आकडा, ज्यात भाऊबीजेला भावाने पाठवलेली ओवाळणीही असते.

वाहनांच्या बाबतीत आपले नशीब बरे आहे. सियाम ही उत्पादकांची संघटना कारखान्यातून वितरकांकडे रवाना झालेल्या गाड्यांचे आकडे देते, तर फाडा ही वितरकांची संघटना परिवहन कार्यालयांत नोंदणी झालेल्या गाड्यांचे आकडे देते. पहिला घाऊक, दुसरा किरकोळ. सणांआधी वितरक गोदामे भरतात तेव्हा सियामचा आकडा चढतो, आणि गाड्या गिऱ्हाइकांच्या दारात पोहोचतात तेव्हा फाडाचा. सलग काही महिने पहिला दुसऱ्यापेक्षा वर राहिला, तर गाड्या शोरूमच्या मागच्या आवारात उन्हात उभ्या आहेत असे समजावे आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण इथल्या सुटेभाग पुरवठादारांनी पुढच्या ऑर्डरींची काळजी करायला सुरुवात करावी. माझ्या नोकरीत मी सर्वांत आधी पाहत असे तो हाच फरक.

या सर्व आकड्यांना पंचांगाची दुरुस्ती लागते, आणि ती करण्याची आपली पद्धत अजून कच्ची आहे. नाताळ २५ डिसेंबरलाच येतो, दिवाळी मात्र फिरते: २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे या ऑक्टोबरची गेल्या ऑक्टोबरशी केलेली तुलना अनेकदा अर्थव्यवस्थेपेक्षा तिथींबद्दलच अधिक सांगते. पितृपक्षात गाडी, सोने आणि घर यांची खरेदी मंदावते. अधिक महिन्यात लग्ने थांबतात, म्हणून शालू आणि मंगळसूत्रांची विक्री घटते. पण त्याच धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या वाणासाठी चांदीची आणि तांब्याची भांडी खपतात, त्यामुळे भांडेबाजाराचे वर्ष सराफ बाजाराच्या वर्षाशी जुळत नाही.

विनिमय दराकडे वळलो की किमतींचा तोच गुंता दुसऱ्या रूपात भेटतो. सर्वसाधारण बोलण्यात रुपयाचा भाव म्हणजे डॉलरचा भाव. डॉलर वर गेला की रुपया घसरला, आणि रुपया घसरला की देश घसरला, अशी साखळी लोक मनात जोडतात. पण २०२२ आठवून पाहा. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याने ८३ ओलांडले. त्याच काळात पौंड शंभर रुपयांच्या आसपासवरून सप्टेंबरअखेर ९० च्या खाली आला आणि जपानी येनही रुपयाच्या तुलनेत चांगलाच स्वस्त झाला. मुलगी लंडनला शिकणाऱ्या पालकांची त्या सप्टेंबरात फी भरताना चैन होती, आणि मुलगा टेक्सासला शिकणाऱ्यांची चणचण. रुपया तोच होता. २०२५ मध्ये उलट घडले: डॉलर वर्षभरात साडेपंच्याऐंशीवरून नव्वदच्या घरात गेला म्हणून मोठे मथळे आले, पण युरो ८८-८९ रुपयांवरून १०५ च्या आसपास गेला, म्हणजे तिपटीहून अधिक वेगाने महागला, त्याची बातमी तुलनेने लहान छापली गेली. जर्मनीला गिअरचे भाग पाठवणाऱ्या चाकणच्या कारखान्याला हीच बातमी महत्त्वाची होती.

वाहिन्यांवर दाखवला जाणारा डॉलर निर्देशांकसुद्धा आपल्याला फारसा उपयोगाचा नाही. मार्च १९७३ ला १०० धरून सुरू झालेल्या या निर्देशांकात सहाच चलने आहेत. युरोचा वाटा ५७.६ टक्के, येनचा १३.६, पौंडाचा ११.९, आणि उरलेला वाटा कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्विस फ्रँक यांचा. चीनचे युआन त्यात नाही, रुपयाही नाही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक २६ चलनांचा व्यापक निर्देशांक काढते, त्यात रुपया आहे. पण वाहिन्यांना जुनाच प्रिय आहे, कारण तो वायदेबाजारात क्षणोक्षणी हलतो.

आपल्यासाठी खरे काम रिझर्व्ह बँकेचे निर्देशांक करतात, जे तिच्या मासिक पत्रिकेत प्रसिद्ध होतात. त्यात ४० चलनांच्या टोपलीशी रुपयाची तुलना केलेली असते, प्रत्येक चलनाला त्या देशाशी असलेल्या आपल्या व्यापाराइतका भार असतो, आणि २०१५-१६ हे वर्ष १०० धरलेले असते. पहिला निर्देशांक नाममात्र, म्हणजे फक्त चलनांच्या भावांचा. दुसरा वास्तव, ज्याला सगळे आरईईआर म्हणतात. त्यात आपल्या आणि त्या देशांच्या महागाईतला फरक मिसळलेला असतो. समजा, टोपलीच्या तुलनेत रुपया वर्षभरात ३ टक्के घसरला, आपल्याकडे भाव ५ टक्के वाढले आणि तिकडे २ टक्के वाढले, तर ०.९७ गुणिले १.०५ भागिले १.०२ म्हणजे जवळजवळ १ येतो. रुपया घसरूनही निर्यातदाराच्या पदरात काही पडले नाही, कारण घसरणीने जे दिले ते इथल्या मजुरीच्या, पोलादाच्या आणि विजेच्या वाढलेल्या भावांनी परत घेतले. वाचताना एक खबरदारी घ्यावी: डॉलरच्या भावाचा आकडा वाढला तर रुपया कमजोर होतो, पण या निर्देशांकांचा आकडा वाढला तर रुपया मजबूत होतो. सवयीच्या माणसाचीसुद्धा इथे गल्लत होते.

नोव्हेंबर २०२४ चा महिना मी नेहमी उदाहरण म्हणून देतो. डॉलरने तेव्हा ८४ ओलांडले होते आणि रुपया नीचांकी पातळीवर असल्याच्या बातम्या येत होत्या. त्याच महिन्यात आरईईआर १०८ च्या वर, म्हणजे उच्चांकी पातळीवर होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर डॉलर सगळ्याच चलनांपुढे वधारला, आपला रुपया इतरांच्या मानाने कमी घसरला, आणि भर म्हणून आपल्याकडची महागाई ऑक्टोबरमध्ये ६.२१ टक्के होती, जिच्यामागे भाज्यांचे भाव होते. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, महागाई ०.२५ टक्क्यावर आली, रुपया डॉलरपुढे आणि युरोपुढेही घसरला, आणि आरईईआर १०० च्या खाली गेला.

भाज्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. या निर्देशांकात आपल्या बाजूने ग्राहक किंमत निर्देशांक वापरला जातो, आणि २०१२ च्या आधारवर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचा भार जवळजवळ ४६ टक्के होता. मार्केट यार्डात टोमॅटो आणि कांदा कडाडला की कागदोपत्री रुपया महाग होतो, जरी चाकणच्या गिअरबॉक्सच्या उत्पादनखर्चात कांद्याचा काहीच संबंध नसला तरी. पुढच्या हंगामात भाव कोसळले की तोच निर्देशांक आपली स्पर्धाक्षमता सुधारल्याचे सांगतो. म्हणून एका महिन्याच्या आरईईआरवरून रुपयाचे मूल्य जास्त आहे की कमी हे ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शिवाय १०० म्हणजे योग्य पातळी हा समजही चुकीचा आहे; १०० म्हणजे फक्त २०१५-१६. उत्पादकता झपाट्याने वाढणाऱ्या देशाचा वास्तव दर दीर्घकाळात वर सरकणे स्वाभाविक असते. आणि यातले भार वस्तूंच्या व्यापारावरून काढलेले आहेत, त्यामुळे हिंजवडीतल्या ज्या सॉफ्टवेअर कंपन्यांची बहुतेक बिले अमेरिकेला जातात, त्यांना टोपलीपेक्षा साधा डॉलरचा भावच अधिक खरा वाटला तर त्यांना दोष देता येत नाही.

विक्री आणि विनिमय दर एकमेकांत कसे शिरतात हे पाहायचे असेल तर आयातीवरचा जीएसटी पाहावा. हजार डॉलरचा सुटा भाग ८४ च्या भावाने ८४ हजारांना पडतो आणि ९० च्या भावाने ९० हजारांना. सीमाशुल्क बाजूला ठेवले तर १८ टक्क्यांप्रमाणे कर १५,१२० वरून १६,२०० वर जातो. एकही जादा नग न येता कराचे संकलन ७ टक्क्यांनी वाढले, आणि मागणी जोरदार असल्याचा पुरावा म्हणून तोच आकडा पुढे केला जाऊ शकतो. सोन्याचेही तसेच: जागतिक भाव, डॉलरचा दर आणि आयातशुल्क यांतून सराफाच्या फलकावरचा आकडा तयार होतो, म्हणून रुपया घसरला की सराफाची वही फुगते.

उलट दिशेचा संबंध अमेरिकेच्या आकड्यातून येतो. तिथली किरकोळ विक्री सकाळी साडेआठला जाहीर होते, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात आणि मुंबईतला चलनबाजार बंद झालेला असतो. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर तिथे व्याजदर लवकर उतरणार नाहीत या तर्काने रोख्यांचा परतावा आणि त्याबरोबर डॉलर चढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुपया खाली उघडण्याची शक्यता वाढते. इथे महत्त्व आकड्याला नसून त्याच्या आणि अपेक्षेच्या अंतराला असते. चांगला आकडा आधीच गृहीत धरलेला असेल तर बाजार जागचा हलत नाही. फॉरवर्ड करार करायचा असलेल्या दिवशी ही वेळ लक्षात ठेवणे ही माझ्या कामातली अगदी साधी शिस्त होती.

यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या, आकड्यांबद्दल एक गोष्ट आताच सांगता येते. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ऐन लग्नसराईत कापड आणि सोन्याची विक्री मंदावेल. गेल्या वर्षी पितृपक्ष २१ सप्टेंबरला संपला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, करकपात लागू झाली, त्यामुळे दसरा, दिवाळी आणि अडवून धरलेली सगळी मागणी ऑक्टोबरात गोळा झाली. यंदा पितृपक्ष १० ऑक्टोबरपर्यंत आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. साहजिकच ऑक्टोबरची वाहनविक्री वर्षभरापूर्वीपेक्षा बरीच कमी दिसेल आणि मंदीचे मथळे येतील. महिन्याभराने नोव्हेंबरची वाढ तितकीच अवास्तव दिसेल आणि तेजीचे येतील. फाडा सणांच्या ४२ दिवसांची वेगळी बेरीज देते, नवरात्रापासून धनत्रयोदशीनंतरच्या पंधरवड्यापर्यंतची. मी तीच पाहणार आहे, आणि तीही रुपयांत नव्हे, गाड्यांच्या संख्येत.